बरडाच्या वाट्याचं टेबल

आबांचं वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे आपापल्या गाडीला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीधरनं आपल्या विलायती टेबलाला नावं ठेवायला सुरुवात केली. तिथंच घरातले सगळे सावध झाले.

इतकी वर्षं याच माणसानं त्या टेबलाचं कौतुक सांगून सांगून पाहुण्यारावळ्यांना जेरीस आणलं होतं. चुडाव्याच्या ठेसनावर कुणी परका माणूस गाडीची वाट बघत बसलेला दिसला, तर बन्सीधर त्याला पाणी पाजायला म्हणून घरी घेऊन यायचा. पाणी मिळायचं, पण आधी टेबलाभोवती फेरी व्हायची. लाकूड कुठलं, जहाजातून कसं आलं, कड कशी हातानं घासून गोल केलीय, हे सगळं ऐकून होईपर्यंत पाहुण्याची गाडी गेलेली असायची आणि त्याच्या बायकोला, धुरपताबाईला, एक ताट जास्तीचं वाढावं लागायचं. असा माणूस एकाएकी चहा पिता पिता म्हणाला, "ह्या टेबलात काय राम राहिला न्हाई. आतून पार कुजायलंय."

धाकटा भाऊ व्यंकटी बशी तोंडाला लावून तसाच बसून राहिला. मधला राधाकिशन मात्र बशी खाली ठेवून उठला आणि टेबलाला हळूच टिचकी मारून आला.

टेबल आलं होतं पूर्णेहून. जंक्शनवरचा एक म्हातारा रेल्वेसाहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. बन्सीधर त्या दिवशी पूर्णेला गेला होता तो कापसाच्या गाठींसाठी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, ठरवायला. वाघीण ठरली, पण तिच्यातून गाठी गेल्या नाहीत, टेबल आलं. लिलावातले बाकीचे लोक वरच्या चकाकीवर हात फिरवून पुढं सरकत होते. बन्सीधर धोतर सावरून टेबलाखाली शिरला. का शिरला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बैल घेताना शिंगांवर न भुलता खूर बघावा, एवढं शहाणपण घरचंच होतं. खाली उताणं पडून त्यानं पाहिलं, तर जिथं कुणाची नजर कधी जाणार नाही तिथंही कारागिरानं हात आखडता घेतलेला नव्हता. साहेबाला गंमत वाटली. तोही खाली बसला आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यानं या पागोटेवाल्याला अख्खं टेबल समजावून दिलं. साहेबाच्या पणजोबाच्या काळचं, महोगनी लाकडाचं, शंभरावर वर्षं झालेलं. त्या दिवसापासून बन्सीधर कामातून गेला, असं धुरपताबाईचं मत होतं.

पुढं सिकंदराबादच्या लिलावांतून ढालीच्या आकाराच्या पाठीची खुर्ची आली, कुलूप लावायची चहाची पेटी आली, निळ्या नक्षीच्या बशा आल्या. त्या बशा खाण्यासाठी नसून भिंतीवर लावायच्या आहेत हे कळल्यावर आबांनी, म्हणजे सटवाजी पाटलांनी, कपाळाला हात लावला होता. पण थोरल्याला ते कधी बोलले नाहीत. उलट बन्सीधर पाहुण्यांना टेबलाचं महत्त्व सांगू लागला की आबा कोपऱ्यात बसून सारखी मान डोलवायचे. अख्ख्या घरात निदान एका माणसाला तरी दृष्टी आहे, एवढ्या आधारावर बन्सीधरनं इतकी वर्षं काढली होती.

जाताना आबांनी सांगून ठेवलं होतं की वर्षभर एकत्र राहा आणि मग गोडीगुलाबीनं वेगळे व्हा. गोडीगुलाबीची सोय या घराण्यानं पूर्वीच करून ठेवली होती. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि उचलायचे धाकट्यापासून. थोरल्याला शेवटी राहील ते. त्यामुळं वाटे पाडणारा आपोआप सरळ वागतो, कारण वाकडं वागला तर ते त्याच्याच पदरात पडतं. पिढ्यान्पिढ्या या रीतीनं कुणाचं डोकं फुटलं नव्हतं. पण ही रीत घालून देणाऱ्यांच्या मनात एक गोष्ट आली नव्हती, ती म्हणजे एखाद्या थोरल्याला सगळ्यात वाईट वाटाच हवा असू शकतो.

गुरंढोरं, खोल्या, भांडीकुंडी यांचं वाटप कुरबुरीशिवाय झालं होतं. राहिली होती जमीन. एक विहिरीचं शेत, काळंभोर, बारमाही पाण्याचं. दुसरं गंगेकाठचं, म्हणजे गोदावरीच्या काठचं, गाळाचं. पीक दृष्ट लागण्यासारखं यायचं, आणि पूर आला की गंगेलाच अर्पण व्हायचं. तिसरं बरड. तिथं मुरूम, बोरी आणि सशांची बिळं. या बरडाच्या वाट्याला तोल साधायला म्हणून बन्सीधरनं सगळं विलायती सामान टाकलं. बरड कुणाला नको, सामान त्याहून कुणाला नको. व्यंकटी विहीर उचलणार, राधाकिशन गंगाकाठ उचलणार, आणि बिचाऱ्या थोरल्याच्या गळ्यात टेबल पडणार. फक्त तोवर टेबल कुचकामी आहे आणि विहिरीचं शेत सोन्याचं आहे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसायला हवं होतं.

धुरपताबाईला हा डाव कळायला एक भाकरी थापायचाही वेळ लागला नाही. तव्यावरची भाकर तशीच ठेवून ती त्याच्याकडं वळली.

"मंजे टेबलासाठी तुमी लेकरायला माती खायला लावणार."

"माती न्हाई, मुरूम हाय तिथं," बन्सीधर म्हणाला. "आन् तूर येती की."

भाकर जळली. त्या दिवशी त्याला तीच वाढली गेली आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली. धुरपताबाईला दोन पोरी उजवायच्या होत्या, धाकट्या पोराला शिकायला औरंगाबादला धाडायचं होतं, आणि बरडावरच्या तुरीवर यातलं काही होणार नव्हतं. तिनं नवऱ्याशी वाद घातला नाही. ती सरळ टेबलाच्या बाजूनं उभी राहिली. ज्या टेबलावर तिनं इतकी वर्षं दात-ओठ खाऊन फडकं फिरवलं होतं, त्याचे गोडवे ती जावांपुढं गायला लागली. लय किमतीची चीज हाय, हैद्राबादचा कुणी नवाब माणूस धाडून मागणी घालायलाय, ह्यायनीच नको म्हणलं. मग सकाळी नवऱ्यानं टेबल पाताळात घालावं आणि दुपारी बायकोनं ते आभाळाला टेकवावं, असा घरात क्रमच पडला.

याचा सगळ्यात जास्त त्रास राधाकिशनला झाला. तो परभणीच्या कचेरीत येऊन-जाऊन असायचा आणि कुणी रामराम घातला तरी त्यामागं काय मतलब असेल ते शोधत घरी यायचा. दादा टेबल वाईट म्हणतात, वैनी चांगलं म्हणतात, म्हणजे दोघांतलं एक खोटं बोलतंय. आणि नवरा-बायको आहेत तेव्हा बहुतेक दोघंही. दादा विहिरीची एवढी तारीफ करायलेत, म्हणजे विहिरीचं पाणी आटत चाललं असलं पाहिजे. तो दोरीला दगड बांधून विहिरीवर गेला. पाणी भरपूर निघालं. तेव्हा त्याचा संशय दुप्पट झाला, कारण पाणी असूनही थोरला माणूस ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय याचा अर्थ भानगड पाण्याहून मोठी होती.

व्यंकटीला असले घोर नव्हते. तो पहाटे उठून जोर-बैठका काढायचा, दिवसभर औताच्या मागं असायचा आणि घरातली बोलणी त्याच्या एका कानातून दुसऱ्यात जाताना मध्ये कुठं थांबत नसत. त्याच्या वाटचा विचार त्याची बायको करायची. कोकिळा पिंगळी गावची, नाकाडोळ्यानं नीटस आणि व्यवहाराला चोख. तिनं त्याला एकच गोष्ट घोटून पाठ करून घेतली होती. वाट्याच्या दिवशी काळं ढेकूळ उचलायचं, बाकी कुठं बघायचंच नाही.

वाट्याच्या दिवशी मुंजाजीमामा आला. मयत आईचा हा थोरला भाऊ, त्यामुळं निवाडा त्याच्याकडं. मामाला जगातल्या सगळ्या गोष्टी कळत होत्या आणि ज्या कळत नव्हत्या त्यांच्यावर तो जास्त बोलायचा. बैठकीत टेबलापुढंच तीन पाट मांडले. एकावर विहिरीच्या शेताचं काळं ढेकूळ, एकावर गंगाकाठचा गाळ, एकावर बरडाचा तांबूस मुरूम. मामानं तिन्ही वाटे मोठ्यानं वाचल्यासारखे सांगितले, कुणाची हरकत आहे का विचारलं, आणि प्रत्येक ढेकळापुढं सुपारी ठेवली. सुपारी ठेवली की वाटा पक्का. मग त्यात कुणी ब्रह्मदेव आला तरी बदल करता येत नसे.

बन्सीधरनं सुटकेचा श्वास सोडला. आता व्यंकटीनं येऊन काळ्या ढेकळापुढची सुपारी उचलायची, एवढंच राहिलं होतं. पण व्यंकटीला कोकिळेनं स्वयंपाकघरात शेवटची समज द्यायला थांबवून घेतलं होतं. मामा मोकळा बसला, आणि मामा मोकळा बसला की काहीतरी तपासायचा. तो उठला, टेबलाभोवती फिरला, त्यावरची चादर वर करून त्यानं मान खाली घातली आणि बघता बघता अर्धा मामा टेबलाखाली गेला.

बाहेर आला तो गुडघे झटकत, तोंडावर मोठं समाधान घेऊन.

"भाच्या, हे जोडकाम हाय. तीन तुकडे हायेत खाली. पितळंच्या पट्ट्या मारून आवळलंय. साहेबानं मोडकं टेबल रंग मारून तुज्या गळ्यात बांधलं."

बन्सीधरचं डोकं गरम झालं, पण त्यानं स्वतःला आवरलं. यापेक्षा चांगलं काय हवं होतं? निवाड्याला बसलेला माणूसच टेबल मोडकं म्हणतोय. नुसतं होय म्हणायचं होतं. तो म्हणाला, "होय मामा. गंडवलं मला."

हे बोलणं त्याला फार जड गेलं. पण बोलला. इथवर सगळं निभावलं होतं. तेवढ्यात राधाकिशननं तोंड घातलं.

"ते आमाला ठावंच हाय. आणलं त्या दिशी वाघिणीतून तीन तुकडे उतरले ते म्या डोळ्यानं बगितले."

"तुला ठावं हाय?" बन्सीधरनं विचारलं.

"सगळ्यायलाच ठावं हाय, दादा. आबानंच सांगितलं व्हतं. पोरगं गंडलंय, पण कुणी बोलू नका म्हणले, त्याचा जीव लागलाय त्याच्यावर. म्हणून तर ते बी पाव्हण्यायसमोर मान डोलवायचे."

दाराआड उभ्या असलेल्या धुरपताबाईलाही नवऱ्याचा चेहरा बघून वाईट वाटलं. बन्सीधरच्या डोळ्यांपुढं आबा आले, कोपऱ्यात बसलेले, मान डोलवणारे. तो त्या मान डोलवण्याला दाद समजत आला होता. ती दया होती. बाप मेला तो थोरल्या पोराला मोडकं टेबल घेऊन येणारा भोळसट समजून मेला, आणि वर त्याची समजूत मोडू नये म्हणून घरभर ताकीद देऊन मेला. एवढी माया आणि एवढा अपमान एकाच वेळी सोसायची ताकद बन्सीधरमध्ये नव्हती. डाव, बरड, विहीर, सुपारी, सगळं त्याच्या डोक्यातून उडालं.

"व्यंकटी," तो ओरडला. "हिकडं ये. ते टोक धर."

व्यंकटी स्वयंपाकघरातून धावत आला. कुठलं टोक, कशाला, हे त्यानं विचारलं नाही. बन्सीधरनं चादर ओढून फेकली, टेबलाखाली हात घातला, आणि घोड्याच्या नालासारखे पितळी चिमटे एकामागून एक बाहेर ओढून मामाच्या हातात ठेवले. मग दोघांनी हलकेच ओढलं, तसं टेबलाचं एक टोक सुटून बाजूला आलं. मग दुसरं. अर्ध्या चंद्राच्या आकाराची दोन टोकं आणि मधला चौकोन, तिन्ही आपापल्या पायांवर ठाम उभी राहिली, लटपटली नाहीत.

"मोडकी चीज अशी उभी ऱ्हाती का, मामा?"

मामाच्या दोन्ही हातांत चिमटे होते, त्यामुळं त्याला हातवारे करता आले नाहीत, आणि हातवाऱ्यांशिवाय त्याला बोलायची सवय नव्हती.

मग बन्सीधर सुटला. ओरखडा उठेल म्हणून त्यानं ते आजवर कुणापुढं सोडवलं नव्हतं, आणि नुसतं सांगितलेलं घरात कुणी कानावर घेतलं नव्हतं. घरात चार माणसं जेवणार असतील तर नुसतं मधलं मांडायचं. आठ आली तर एक टोक लावायचं, बारा आली तर दोन्ही. काम नसेल तेव्हा टोकं भिंतीला टेकवून ठेवायची, वर दिवा ठेवायचा. मधल्या भागाचा पाय त्यानं दारासारखा फिरवून दाखवला. पायाची बिजागरीसुद्धा लाकडाचीच, खिळा नाही, लोखंड नाही, आणि शंभर वर्षं फिरूनही सैल झालेली नाही. फळीच्या कडेला लाकडाच्या जिभा ठेवलेल्या, समोरच्या कडेला त्यांच्या मापाच्या खाचा. "आन् ही रेघ बगा," तो म्हणाला. लाकडातली एक काळसर रेघ पहिल्या टोकातून निघून मधल्या भागातून वळत दुसऱ्या टोकात जात होती. तिन्ही भाग एकाच खोडाचे होते. कारागिरानं ते कापून वेगळे केले आणि पुन्हा एकत्र येतील तेव्हा रेघ जुळली पाहिजे, याची काळजी घेतली. साहेबानं हे सांगितलं तेव्हा बन्सीधरच्या अंगावर काटा आला होता, आणि आता सांगतानाही आला.

त्यानं टेबल पुन्हा जोडलं. चिमटे खाली बसले, फटी मिटल्या. व्यंकटी वाकून जोडावर बोट फिरवत होता. मग त्यानं नख फिरवलं. नख कुठं अडकलं नाही. त्यानं परत एकदा उलटीकडून फिरवून पाहिलं. मग टेबलाखाली हात घालून आतली बाजू चाचपली, तिथं रंधा मारल्याच्या लाटा बोटांना लागल्या, आणि तो हात तिथंच ठेवून उभा राहिला.

बन्सीधर घाम पुसत खाली बसला तेव्हा त्याला धुरपताबाई दिसली. पदर तोंडाशी धरून ती हसू दाबत होती. आपण आठवडाभर खपून जेवढी निंदा केली ती सगळी एका दमात धुऊन टाकली, हे तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. राधाकिशन मामाला म्हणाला की टेबल जर तीन जागी होतंय तर त्याचे तीन वाटे व्हायला पाहिजेत. मामाला बोलायला विषय मिळाला. सुपारी ठेवलीय, आता वाटा फिरत नाही, असं त्यानं मोकळे झालेले हात हलवत ठणकावून सांगितलं. राधाकिशन गप्प बसला, आणि गप्प बसून त्यानं सगळं ताडलं. दादांचा राग खोटा होता. हा सगळा देखावा टेबल कुणाच्यातरी गळ्यात घालायला होता. बरडाच्या आसपासही फिरायचं नाही.

राधाकिशनचं तोंड वाचून बन्सीधरला धीर आला. हा तर बरड घेत नाही. आणि व्यंकटीच्या मागं कोकिळा होती.

मामानं व्यंकटीला बोलावलं. व्यंकटी पाटांपुढं मांडी घालून बसला. दाराआडून कोकिळा खोकली. व्यंकटीनं काळ्या ढेकळाकडं पाहिलं. मग टेबलाकडं. कोकिळा पुन्हा खोकली, बांगड्या वाजल्या. व्यंकटीनं हात लांब केला आणि मुरमापुढची सुपारी उचलली.

"नीट बगून उचल लेका," मामा म्हणाला. "ते बरडाचं हाय."

"बगितलं, मामा."

"मंग?"

"मला टेबल पायजे."

आठवडाभर बन्सीधर खोटं बोलत होता. आता खरं बोलूनच टेबल वाचलं तर वाचणार होतं. तो भावाजवळ सरकला.

"व्यंकटी, बरडावर काय पिकत न्हाई रे. खोटं न्हाई सांगायलो."

"पिकवीन," व्यंकटी म्हणाला आणि सुपारी खिशात टाकली.

स्वयंपाकघरात एक पातेलं आपटलं, मग दुसरं. राधाकिशनची पाळी आली. समोर विहीर होती आणि गंगाकाठ होता. त्यानं दादाकडं पाहिलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडलेला, आणि नजर विहिरीच्या ढेकळाकडं लागलेली. खरं तर बन्सीधर कुठंच बघत नव्हता, डोळे जिथं होते तिथं राहिले होते. पण राधाकिशनला पाहिजे ते कळलं. विहिरीत काहीतरी नक्कीच होतं आणि दादाला ते आपल्या माथी मारायचं होतं. त्यानं गाळापुढची सुपारी झटकन उचलली आणि सुटलो म्हणून मनात देवाला हात जोडले.

राहिलं ते विहिरीचं शेत. सगळ्यात चांगलं, सगळ्यात काळं, आणि ते थोरल्याला मिळालं.

धुरपताबाईनं गूळ वाटला. मामाला तर बोलायला शब्द पुरेनात. आधी टेबलाची निंदा, मग तमाशा, मग ऐन वेळी धाकट्याला खोटीच आडकाठी, आणि विहीर अलगद पदरात. शंभर वकील ओवाळून टाकावेत अशी चाल. थोरला असावा तर असा. राधाकिशननं दादाच्या पायांना हात लावला. त्याला आता सगळं उमगलं होतं आणि हरल्याचं दुःख फारसं नव्हतं, कारण गुरू भेटला होता. कोकिळा मात्र बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून म्हणाली की साध्याभोळ्या माणसाला घरच्यायनीच असं फसवावं, हे बरं केलं नाही. बन्सीधर प्रत्येकाला सांगू बघत होता की मला विहीर नको होती, मला टेबल हवं होतं. जितकं सांगावं तितकं मामा हसत होता आणि त्याच्या पाठीवर थापा मारत होता.

जेवणं झाली. मामा घोरायला लागला. बन्सीधर बैठकीत आला तेव्हा व्यंकटी टेबल आपल्या खोल्यांकडं न्यायच्या तयारीत होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल टेबलाखाली अंथरला होता, चिमटे न ओढता आधी हलकेच सैल करून मग काढले होते, आणि ते एका फडक्यात एकेक वेगळे गुंडाळले होते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बन्सीधर दारात उभा राहून बघत राहिला. त्याला मनापासून वाटत होतं की याच्या हातून एखादं टोक आपटावं, म्हणजे चार शब्द बोलता येतील. टोक आपटलं नाही.

"दादा," व्यंकटी मान वर न करता म्हणाला, "ह्ये बनवणाऱ्याचं नाव काय व्हतं?"

साहेबाचं नाव बन्सीधरला ठाऊक होतं, साहेबाच्या पणजोबाचं होतं, जहाज कुठल्या बंदराला लागलं तेही होतं. हे नाव ठाऊक नव्हतं. आणि विचारायचं त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. इतकी वर्षं तोच बोलत होता. त्या घरात टेबलाबद्दल कुणी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"ठावं न्हाई रे," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं, टेबल चाललं म्हणून. आणि बरंही वाटत होतं, इतकं की आपलं आपल्यालाच नवल वाटावं.

"गोऱ्यायमदी बी सुतार बापाचंच काम पुढं चालवतात का? ही बिजागरी ह्यानं काढली, का बापानं शिकवली?"

बन्सीधर ढालीच्या पाठीच्या खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर तो आजवर कधी बसला नव्हता आणि आता तर ती त्याची राहिलीही नव्हती. बाहेरून धुरपताबाईची हाक आली. गाडी जुंपलीय, ऊन उतरायच्या आत विहिरीवर जाऊन नारळ फोडायचाय, पोरं कधीची बसलीत गाडीत.

"थांब जरा," बन्सीधर म्हणाला. "व्यंकटी कायतरी विचारायलाय."